वाघ मोजायला शिकलो, गुन्हा मोजायचा राहिला : ‘जॉइनिंग द डॉट्स’चं फेरवाचन

वन्यजीव कायद्याच्या अंमलबजावणीवर संशोधन करायचं तुम्ही ठरवलंत, की पहिल्या दोन-तीन महिन्यांत एक जाडजूड अहवाल तुमच्यापुढे येतोच. ‘जॉइनिंग द डॉट्स’, म्हणजे व्याघ्र कृती दलाचा 2005 चा अहवाल. गाईड सांगतात, सीनियर सांगतात, प्रत्येक शोधनिबंधाच्या पहिल्या पानावर त्याचा उल्लेख असतो. आणि बहुतेक जण त्यातलं एकच वाक्य उचलून पुढे जातात: सरिस्कातले वाघ संपले, मग ही समिती नेमली, मग प्राधिकरण आणि ब्यूरो झाले. एवढ्यावर ‘पार्श्वभूमी’ नावाचं प्रकरण उरकतं.

हा अहवाल यापेक्षा बऱ्या वाचनाला पात्र आहे. तो चांगला आहे म्हणून तर आहेच, पण जिथे तो कमी पडतो तिथेच तुमच्या-माझ्यासारख्यांना काम शिल्लक आहे, म्हणूनही.

आधी थोडक्यात घटनाक्रम. राजस्थानातल्या सरिस्कात 2004 च्या अधिकृत गणनेनुसार 16 ते 18 वाघ होते. 2005 च्या सुरुवातीला लक्षात आलं की प्रत्यक्षात एकही नाही. भारतीय वन्यजीव संस्थेने त्यावर शिक्कामोर्तब केलं, सीबीआयकडे तपास गेला, आणि एप्रिलमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या सूचनेवरून पाच जणांचं कृती दल नेमलं गेलं. अध्यक्ष सुनीता नारायण. सदस्य एच. एस. पँवार, माधव गाडगीळ, वाल्मिक थापर आणि समर सिंह. ऑगस्टमध्ये अहवाल हजर. चार महिन्यांत दोनशेहून जास्त पानं! आपल्याकडे समित्यांना मुदतवाढ मागायची सवय असते, त्या मानाने हा वेग दाद देण्यासारखा आहे. पण वेगाची किंमतही असते, ती पुढे दिसेल.

अहवालाचा सगळ्यात धाडसी भाग सरिस्काचाच आहे. त्या वेळी वर्तमानपत्रांत चाललेला सूर होता: पहारा कमी पडला, बंदुका कमी पडल्या, पैसा कमी पडला. समितीने हिशेब मांडून दाखवलं की इतर व्याघ्र प्रकल्पांच्या तुलनेत सरिस्कात पैसा आणि माणसं यांचा दुष्काळ नव्हता. मग वाघ गेले कसे? समितीचं उत्तर असं की आजूबाजूची गावं जंगलाच्या विरोधात गेली असतील, तर पहारेकऱ्यांची संख्या वाढवून उपयोग होत नाही. आणि खालच्या माणसाने जे पाहिलं ते वरपर्यंत पोहोचत नसेल, तर कागदावरचे वाघ जिवंतच राहतात. युक्तिवादाची ही पद्धत शिकण्यासारखी आहे. सगळे एक कारण गृहीत धरत असताना तुलनात्मक आकडे घेऊन त्या कारणाची परीक्षा करायची. पद्धतीच्या तासाला तुम्हाला ‘पर्यायी स्पष्टीकरण तपासा’ असं सांगतात ना, त्याचा हा चालता-बोलता नमुना.

पण इथेच एक सांधा निखळतो. ‘पहारा पुरेसा होता, तरी वाघ गेले, म्हणून पहारा हे उत्तर नाही’ ही मांडणी पहाऱ्याला डोकी आणि रुपये यांत मोजते. दर चौरस किलोमीटरला किती वनरक्षक, इतकं कळलं म्हणजे गस्त किती होते हे कळत नाही. वनरक्षक बीटवर मुक्कामाला असतो की तालुक्याच्या गावात, रात्रीची गस्त होते की फक्त डायरीत लिहिली जाते, फास शोधायचं प्रशिक्षण त्याला मिळालंय का, पंचनामा लिहिता येतो का, यातलं काहीच त्या गुणोत्तरात नाही. म्हणजे समितीने सिद्ध केलं ते एवढंच की नेमणुका पुरेशा होत्या. अंमलबजावणी पुरेशी होती असं त्यावरून म्हणता येत नाही. दोन्हींत फरक आहे आणि तो फरक हाच खरा संशोधनाचा विषय.

वाल्मिक थापर यांची भिन्नमतपत्रिका अहवालाला जोडलेली आहे. ती अवश्य वाचा. माणूस आणि वाघ एकाच जागी सुखाने राहतील ही आशा त्यांना मान्य नव्हती. वाघाला मोकळी, माणसाचा हस्तक्षेप नसलेली जागा हवी आणि तिचं कडक रक्षण हवं, असं त्यांचं म्हणणं. गंमत अशी की समितीचं बहुमत आणि थापर, दोघेही अंमलबजावणीबद्दल बोलत असले तरी दोघांचंही लक्ष ‘कुणाकडून जंगल वाचवायचं’ या प्रश्नावर आहे. पकडलेल्या माणसाचं पुढे न्यायालयात काय होतं, हा प्रश्न दोन्ही बाजूंना मधल्या जागेत राहतो. अहवालात गुन्हेनियंत्रणावर प्रकरण आहे, ब्यूरोची शिफारस आहे, कायद्यातल्या शिक्षेच्या कलमांत बदल सुचवलेत. हे सगळं आहे. पण ज्या बारकाईने समिती वाघ मोजण्याची नवी पद्धत समजावते, त्या बारकाईने गुन्हा कसा मोजायचा हे ती सांगत नाही.

वाघांचं काय झालं ते बघा. पाऊलठशांवरून वाघ ओळखण्याची जुनी पद्धत मोडीत निघाली. 2001-02 मध्ये तिच्या आधाराने देशात 3,642 वाघ होते. नव्या पद्धतीने 2006 चा अंदाज आला 1,411. अर्ध्याहून जास्त वाघ कमी झाले असं काही जणांनी लगेच लिहिलं, ते चूक आहे, कारण मोजपट्टीच बदलली होती. पण निदान आता मोजपट्टीला त्रुटीची मर्यादा होती. कॅमेरा ट्रॅपमध्ये न आलेले वाघ किती असतील, याचा सांख्यिकी अंदाज बांधायची सोय होती. ‘दिसला नाही’ आणि ‘नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सरकारी आकड्यांत पहिल्यांदा शिरलं. माझ्या मते या अहवालाचं सगळ्यात टिकाऊ फळ हेच.

आणि गुन्ह्यांच्या बाबतीत? तिथे आजही आपण पाऊलठशांच्या काळात आहोत.

उदाहरण घेऊ. जानेवारी 2000 मध्ये उत्तर प्रदेशातल्या खागा इथे एक मोठी जप्ती झाली. वाघाची चार कातडी, बिबट्याची सत्तर कातडी, आणि बिबट्याची सुमारे 18,000 नखं. आता बिबट्याच्या पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार, मिळून अठरा नखं असतात. भागाकार करा. एक हजार बिबटे! म्हणजे त्याच एका खोलीत सत्तर बिबट्यांचा पुरावा होता आणि हजार बिबट्यांचाही. वहीत कुठला आकडा लिहाल? नोंद ‘एक प्रकरण’ अशी होईल, तर सगळंच एक. कातड्यांवर थांबलात तर नऊशे तीस जनावरं गायब. आणि हजार लिहिलेत, तर ती नखं किती वर्षांत, किती राज्यांतून गोळा झाली हे माहीत नसताना ती 2000 सालच्या खात्यावर टाकाल. तीन वर्षांनी, ऑक्टोबर 2003 मध्ये, तिबेटमध्ये एकाच खेपेत 31 वाघांची, 581 बिबट्यांची आणि 778 पाणमांजरांची कातडी पकडली गेली. हा माल बहुतांशी भारताच्या बाजूने गेला असं मानलं जातं. तो भारताच्या आकड्यांत धरायचा की चीनच्या? सरिस्का रिकामं होत असताना हा व्यापार किती मोठा होता याचा पुरावा समितीच्या आधीच उपलब्ध होता, हे यातून कळतं. पण ‘किती मोठा’ याला आकडा लावायला गेलं की हात अडतो.

म्हणून, ‘जप्त्या वाढल्या’ हे वाक्य प्रबंधात लिहिताना थांबा. समजा एका वनविभागात गेल्या वर्षी 10 जप्त्या झाल्या, यंदा 20. शिकार दुप्पट झाली, की गस्त दुप्पट झाली? की नवा आरएफओ उत्साही आहे? की फक्त नोंद नीट ठेवायला लागले? या चारही शक्यतांत आकडा तोच येतो. अधिकारी म्हणेल अंमलबजावणी सुधारली, कार्यकर्ता म्हणेल शिकार वाढली, आणि दोघेही त्याच तक्त्याकडे बोट दाखवतील. जो आकडा दोन उलट निष्कर्षांना सारखाच पाठिंबा देतो, तो निर्देशक म्हणून कामाचा नाही. निदान एकटा तरी नाही.

यावर उपायच नाही असं नाही. ट्रॅफिक या संस्थेसाठी झालेल्या 2012 च्या अभ्यासात 2001 ते 2010 या दहा वर्षांतल्या बिबट्यांच्या 420 जप्त्या घेतल्या आणि ‘न सापडलेल्या’ प्रकरणांचा अंदाज बांधायचा प्रयत्न केला. वाघांच्या गणनेत असतो तसाच विचार, फक्त गुन्ह्यांवर लावलेला. निष्कर्ष होता की आठवड्याला किमान चार बिबटे मारले जात असावेत. त्या आकड्यावर वाद घालता येईल, पण वाद घालता येण्याजोगा आकडा मिळाला हीच प्रगती. तुम्ही संख्याशास्त्राकडून येत असाल तर या वाटेने जाणारे अजून फार थोडे आहेत, हे लक्षात ठेवा.

आता न्यायालयाकडे वळू. माझ्या मते अहवालाच्या वाचकांनी सर्वांत जास्त दुर्लक्ष केलेला भाग हा.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली खटला नेहमीच्या पोलीस खटल्यासारखा चालत नाही. कलम 55 नुसार न्यायालय दखल घेतं ती अधिकृत अधिकाऱ्याच्या फिर्यादीवरून. (सामान्य माणूसही फिर्याद करू शकतो, पण 60 दिवसांची नोटीस देऊन.) वनखातं स्वतः तपास करतं, पीओआर फाडतं, पंचनामा करतं, मुद्देमाल सील करतं, प्रयोगशाळेत पाठवतं आणि मग फिर्याद दाखल करतं. पोलीस अहवालाशिवाय आलेला खटला म्हटला की दंड प्रक्रिया संहितेच्या 244 ते 247 या कलमांची वाट लागू होते. साध्या भाषेत, आरोप निश्चित होण्याआधी एकदा साक्षीपुरावा, आणि आरोप ठेवल्यावर त्याच साक्षीदारांना उलटतपासणीसाठी पुन्हा बोलावणं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ही रचना राहिली आहे.

याचा जमिनीवर अर्थ काय? पंच म्हणून सही केलेला गावचा माणूस रोजगार बुडवून तालुक्याला एकदा येतो. तीन वर्षांनी त्याला परत बोलावतात. तोवर तपास केलेल्या वनपालाची दोनदा बदली झालेली असते, आणि मुद्देमालाच्या सीलवरची सही कुणाची हे ओळखणारा कुणी उरलेला नसतो. साक्षीदार फितूर झाला म्हणून निर्दोष सुटका, असं निकालपत्रात येतं. वृत्तपत्रात ‘कायदा कमकुवत’ अशी ओरड होते. मग शिक्षा वाढवण्याची मागणी. परिशिष्ट एकमधल्या प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षं शिक्षा आधीपासून होतीच. 2022 च्या दुरुस्तीने दंडाच्या रकमाही वाढवल्या. पण खटला जिथे अडतो तिथे शिक्षेच्या आकड्याचा संबंध येतच नाही. शिक्षेचं कलम वापरायची वेळ यायला आधी दोष सिद्ध व्हावा लागतो.

संसारचंदचं उदाहरण या अहवालाच्या काळातलंच आहे. वाघ-बिबट्यांच्या कातड्यांच्या व्यापारातलं हे नाव वर्षानुवर्षं वेगवेगळ्या प्रकरणांत येत राहिलं. समिती काम करत होती त्याच वर्षी तो दिल्लीत पकडला गेला. बिबट्याच्या कातड्यांच्या एका प्रकरणातली त्याची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये कायम केली. त्या निकालाचं वाचन करा, छोटा आहे. माल थेट त्याच्या हातात सापडला नव्हता. पकडलेल्या दुसऱ्या माणसाच्या जबाबावर आणि साखळीच्या पुराव्यावर प्रकरण उभं होतं. मोठा व्यापारी असाच असतो, मालापासून चार हात लांब. जंगलात फास लावणारा मात्र मालासकट सापडतो. त्यामुळे ‘किती जणांना अटक’ असा तक्ता केला, तर त्यात फास लावणारेच भरलेले दिसणार. त्या तक्त्यावरून ‘शिकारी कोण’ याचं उत्तर काढाल तर उत्तर आधीच ठरलेलं आहे.

आणि हा फक्त पद्धतीचा मुद्दा नाही. फासेपारधी, बावरिया, मोगिया या समाजांची नावं अशा तपासांत पुन्हा पुन्हा येतात. यांपैकी अनेक समाजांना 1871 च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलं होतं, तो शिक्का 1952 मध्ये कागदावरून निघाला. महाराष्ट्रात पारध्यांच्या पालावर पोलीस आधी जातात आणि गुन्हा मागून शोधतात, हे सांगायला संशोधनाची गरज नाही. अशा ठिकाणी अटकेचे आकडे ‘गुन्हेगारीचं प्रमाण’ म्हणून वापरले, तर तुमचा तक्ता जुन्या शिक्क्यावर नवी शाई लावतो. त्यात वन्यजीव कायद्याची कलमं कडक. कलम 57 नुसार ताबा सिद्ध झाला की तो बेकायदा नव्हता हे आरोपीने दाखवायचं. कलम 50 नुसार सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने आरोपीसमक्ष नोंदवलेली साक्ष पुढे खटल्यात चालते. वनाधिकारी हा पोलीस नाही, त्यामुळे पोलिसांपुढच्या कबुलीला असलेली मनाईसुद्धा सरळ लागू होत नाही. दोषसिद्धीचं प्रमाण वाढलेलं दिसलं, तर ते चांगल्या तपासाने वाढलं की या कलमांनी, हे निकालपत्रं वाचल्याशिवाय कळणार नाही.

दुसऱ्या टोकाला बंदूक आहे. मे 2012 मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन वनमंत्री पतंगराव कदम यांनी, शिकाऱ्यांवर गोळी झाडणाऱ्या वनकर्मचाऱ्याच्या कृतीला गुन्हा मानलं जाणार नाही, असं जाहीर केलं. काझीरंगात अशा संरक्षणाखाली काय घडतं यावर बीबीसीने 2017 मध्ये माहितीपट केला, तेव्हा राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने त्यांना व्याघ्र प्रकल्पांत चित्रीकरण करायला पाच वर्षं बंदी घातली. हे प्राधिकरण याच अहवालाच्या शिफारशीतून 2006 मध्ये जन्मलेलं. 2005 चा अहवाल सांगत होता की नुसत्या बंदुकांनी वाघ वाचत नाहीत, आणि त्यातून निघालेली संस्था बंदुकीवरच्या प्रश्नाला बंदीने उत्तर देते. शिफारशी आणि त्यांचं संस्थात्मक आयुष्य यांतलं अंतर हा एका चांगल्या प्रबंधाचा विषय होऊ शकतो. कुणी घेतला तर मला वाचायला आवडेल.

पन्नाचंही सांगायला हवं. मध्य प्रदेशातलं पन्ना 2009 मध्ये वाघांपासून रिकामं झाल्याचं मान्य करावं लागलं. तेव्हा प्राधिकरण होतं, वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरो होता, नवी गणनापद्धत होती. संशोधक रघू चुंदावत बरंच आधीपासून धोक्याची सूचना देत होते, आणि यंत्रणेचं उत्तर सरिस्काचंच होतं: वाघ आहेत, दिसत नाहीत इतकंच. अहवालाने माहिती खालून वर जात नाही हा रोग बरोबर ओळखला. औषध म्हणून वरच्या पातळीवर नव्या संस्था दिल्या. माझी मुख्य तक्रार ही.

वनस्पतींबद्दल एक परिच्छेद, कारण त्यांच्याबद्दल नेहमी एकच परिच्छेद असतो. 1972 च्या कायद्यात वनस्पती नव्हत्याच. 1991 मध्ये वेगळं प्रकरण घातलं आणि परिशिष्टात सहा नोंदी आल्या: बेडोमचा सायकड, निळा वांडा, लाल वांडा, कूठ, लेडीज स्लिपर ऑर्किड आणि घटपर्णी. सह्याद्रीत कर्करोगाच्या औषधातल्या द्रव्यासाठी तोडली जाणारी नरक्या या सहांत नव्हती. असा माल पकडला गेला तर बहुधा वन अधिनियम आणि वाहतूक परवान्याच्या नियमांखाली, पोती आणि किलोच्या हिशेबात. किती झाडं गेली हे किलोवरून काढायला नखांच्या भागाकाराइतकी सोपी युक्ती नाही. वनस्पतिशास्त्राच्या कुणी हे मनावर घ्या.

शेवटी कामाचं. आकडे हवे असतील तर राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालावर विसंबू नका. त्यात पोलिसांकडे नोंदलेले गुन्हे येतात, वनखात्याने स्वतः चालवलेली प्रकरणं साधारणपणे येत नाहीत, आणि वन्यजीव गुन्ह्यांचा मोठा हिस्सा तिथेच असतो. त्याऐवजी एक वनविभाग निवडा. माहिती अधिकारात ‘वन्यजीव गुन्ह्यांची माहिती द्यावी’ असं मोघम मागितलंत तर एक पानी गोषवारा येईल. वर्षं ठरवून पीओआर नोंदवहीच्या प्रती मागा. त्या प्रत्येक क्रमांकापुढे फिर्याद दाखल झाल्याची तारीख, न्यायालयातला खटला क्रमांक आणि सद्यस्थिती मागा, तडजोड शुल्क घेऊन मिटवलेली प्रकरणं कलम 54 खाली वेगळी मागा. मी पाहिलेल्या एका परिक्षेत्र कार्यालयातल्या वहीत फिर्यादीच्या तारखेचा रकाना होता, पण पुष्कळ ओळींत तो कोराच. खटला क्रमांक मिळाला की ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तारखा बघता येतात. साक्षीदार किती वेळा बोलावले आणि किती वेळा ‘साक्षीदार गैरहजर’ शेरा पडला, हे तिथेच मोजता येतं. चाळीस-पन्नास प्रकरणं झाली तरी एम.फिल.च्या जुन्या मापाने पुरे, आणि पीएचडीच्या पहिल्या प्रकरणाला भरपूर. कोरे रकाने गाळू नका, त्यांचीही संख्या लिहा.